मोटार पुन्हा पुन्हा जळते? वाइंडिंग भरायच्या आधी डीपीपासून मोटारीपर्यंतची तार तपासा

पावसाळा संपून कृष्णेचं पाणी पात्रात गेलं, की पलूस, वाळवा, मिरज भागात काठावरून काढून ठेवलेल्या मोटारी पुन्हा बसवल्या जातात. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत रिवाइंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून भरून देणाऱ्या दुकानांत गर्दी सुरू होते. आलेल्या मोटारींतल्या बऱ्याच मागच्याच हंगामात भरून गेलेल्या असतात. शेतकरी म्हणतो, वाइंडिंगला हलकी तार घातली. दुकानदार म्हणतो, तुमच्याकडं व्होल्टेज नाही. वायरमन म्हणतो, डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज चांगलं आहे, मोटारच गेलीय. या सगळ्यात उसाची पाण्याची पाळी चुकते आणि मोटार भरायचे पैसे पुन्हा शेतकऱ्याच्याच खिशातून जातात.

मी याच पट्ट्यात मोटारी, स्टार्टर आणि केबलची कामं करतो. एकाच जागी बसवलेली मोटार दुसऱ्यांदा जळाली, तर मी मोटारीला लगेच दोष देत नाही. डीपीच्या फ्यूजपासून मोटारीच्या टर्मिनलपर्यंत तार कुठून कुठून आली आहे ते आधी बघतो. बहुतेक वेळा दोष तिथंच निघतो. केबल बारीक असते, स्क्रू सैल असतो, नाहीतर टेपखाली पिळून केलेला जुना जोड असतो. हा दोष वर्षानुवर्षं सापडत नाही, कारण व्होल्टेज प्रत्येक वेळी मोटार बंद असताना मोजलेलं असतं.

जळालेल्या कॉईलवरून काय कळतं

मोटार दुकानात उघडली की जुनी कॉईल तोडायच्या आधी स्वतः समोर उभं राहून बघा, जमलं तर फोटो काढून ठेवा. एकदा कॉईल भंगारात गेली की पुरावा गेला.

सगळ्या कॉईल सारख्याच काळ्या पडल्या असतील, वार्निश जळून ठिसूळ झालं असेल, तर मोटारीनं बराच वेळ जास्त करंट ओढला आहे. व्होल्टेज कमी होतं, पंप जड झाला होता, किंवा इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चक्र) घासत होता. तीन गटांपैकी दोन गट काळे आणि तिसरा नव्यासारखा लालसर दिसत असेल, तर स्टार जोडणीची मोटार तीनऐवजी दोन फेजवर चालली (स्टार आणि डेल्टा या कॉईलचे तीन गट जोडायच्या दोन पद्धती). डेल्टा जोडणीत याच्या उलट चित्र दिसतं, एक गट काळा आणि दोन बरे. म्हणजे एक फेज कुठंतरी तुटला होता. फ्यूज उडाला असेल, नाहीतर एखादा जोड सुटला असेल. बाकी वाइंडिंग ठीक आणि फक्त एका खाचेच्या तोंडाशी भोक पडल्यासारखं जळालेलं दिसलं, तर ते इन्सुलेशन फुटल्याचं लक्षण आहे. पाणी शिरणं, वीज पडणं अशी कारणं तिथं शोधावी लागतात, आणि तो विषय वेगळा.

इथं बोलायचंय ते पहिल्या दोन प्रकारांबद्दल, कारण पुन्हा पुन्हा येतात ते हेच.

तारेत करंट जातो म्हणजे काय होतं

हे थोडं समजून घेतलं की पुढची तपासणी आपोआप सुचते.

तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारेत इलेक्ट्रॉन बाहेरून भरावे लागत नाहीत, तार त्यांनी आधीच भरलेली असते. तांब्याच्या प्रत्येक अणूमागं साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा असतो, कुठल्याच एका अणूला बांधलेला नसतो. एका घन मिलिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन ८५ वर १८ शून्यं इतके आहेत. डीपीकडून दाब आला की तारेतले सगळे इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी सरकायला लागतात, म्हणून स्विच दाबल्याबरोबर ३०० मीटरवरची मोटार फिरते. प्रत्यक्षात एकेक इलेक्ट्रॉन फारच हळू सरकतो. ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत १५ अँपिअर करंट असेल, तर त्यांचा वेग सेकंदाला ०.३ मिलिमीटरपेक्षाही कमी भरतो. त्यातून आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदात ५० वेळा पुढं-मागं होणारी. त्यामुळं इलेक्ट्रॉन जागच्या जागी दोन-तीन मायक्रॉनमध्येच हेलकावत राहतात.

यातून कामाची गोष्ट ही, की एका फेजच्या वाटेवर कुठंही बघा, करंट तेवढाच असतो. डीपीच्या फ्यूजमध्ये १५ अँपिअर असेल तर स्टार्टरच्या काँटॅक्टमध्येही १५, केबलच्या मध्यावर १५ आणि बोटभर लांबीच्या जोडातही १५. जोड खराब आहे म्हणून त्यातून कमी करंट जाईल आणि बाकीचा दुसरीकडून वळेल, असं होत नाही. दुसरी वाटच नसते.

मात्र सरकताना इलेक्ट्रॉन धातूच्या थरथरत्या अणूंवर आदळतात आणि त्यांची ऊर्जा उष्णतेत जाते. यालाच रोध म्हणतात. उष्णता किती होणार ते करंटच्या वर्गावर आणि त्या जागेच्या रोधावर ठरतं. वाट एकच आणि करंट एकच असल्यामुळं सगळी तार थंड असते आणि जिथं रोध जास्त तीच जागा तापते. एखाद्या जोडाचा रोध फक्त ०.१ ओहम झाला, तरी १५ अँपिअरला त्यात साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडची डाग द्यायची सळई (सोल्डरिंग आयर्न) साधारण एवढ्याच वॅटची असते. ती टेपमध्ये गुंडाळून बांधात पुरली आणि रोज आठ तास चालू ठेवली, तर टेपचं काय होईल याचा विचार करा.

बंद मोटारीवर मोजलेलं व्होल्टेज फसवतं

तारेत व्होल्टेज पडतं ते करंट गुणिले रोध एवढं. मोटार बंद असेल तर करंट शून्य, म्हणून पडणारं व्होल्टेजही शून्य. केबलची एकच लड (आतली एक बारीक तार) चिकटून राहिलेली असेल, तरी मोटारीच्या टोकाला मीटर ४१० दाखवेल. टेस्टर तर त्याहून फसवा. टेस्टरचा दिवा पेटायला मिलिअँपिअरहूनही कमी करंट पुरतो. 'तिन्ही फेजला टेस्टर पेटतोय' एवढ्यावरून तार चांगली आहे असं म्हणताच येत नाही. सुटलेल्या फेजवरही कधीकधी मोटारीच्या वाइंडिंगमधून उलट आलेल्या व्होल्टेजनं टेस्टर पेटतो.

म्हणून मोजायचं ते मोटार पाणी ओढत असताना, आणि शक्यतो डीपीवरच्या बाकीच्या मोटारीही चालू असताना. थ्री फेज लाईट आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मोजू नका. त्या वेळी लाईट येताच मोटार आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचमुळं सगळ्या मोटारी एकदम उठत असतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, त्यामुळं आकडे हलतात. अर्ध्या तासानं घेतलेला आकडा खरा.

आधी केबलची जाडी

जोडाकडं जायच्या आधी एक साधा हिशोब करून घ्या, कारण केबलच बारीक असेल तर जोड कितीही चांगला करून भागत नाही.

साडेसात एचपीची सबमर्सिबल चालताना साधारण १४-१५ अँपिअर घेते. ४ चौरस मिलिमीटरच्या लवचीक तांब्याच्या केबलचा रोध किलोमीटरला ४.९५ ओहम असतो. स्टार्टरपासून मोटार ३०० मीटरवर असेल, तर एका फेजच्या तारेचा रोध जवळजवळ दीड ओहम. १५ अँपिअरला दोन फेजमधलं व्होल्टेज मोटारीपर्यंत पोचताना साधारण ३३ व्होल्टनं पडतं. तीन तारांत मिळून सुमारे एक किलोवॅट वीज नुसती केबल तापवण्यात जाते. मोटार आहे साडेपाच किलोवॅटची!

हीच केबल ६ चौरस मिलिमीटरची असेल तर साधारण २२ व्होल्ट पडतात, १० ची असेल तर १३. ॲल्युमिनियमची १६ चौरस मिलिमीटरची केबल तांब्याच्या १० च्या बरोबरीची धरा, दोन्हींचा रोध किलोमीटरला १.९१ ओहम आहे. स्टार्टरपासून मोटारीपर्यंत १५ व्होल्टच्या वर पडू द्यायचे नाहीत, असा माझा दंडक आहे. उन्हाळ्यात याहून वाईट होतं, कारण तार तापली की दर अंशाला तिचा रोध साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. तार ३० अंशांनी तापली तर रोध १२ टक्के जास्त.

पडलेल्या व्होल्टेजचा मोटारीवर परिणाम दुहेरी होतो. मोटारीचा जोर व्होल्टेजच्या वर्गानं घटतो, म्हणजे व्होल्टेज ९० टक्के राहिलं तर जोर ८१ टक्के. पण पंपाला पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, म्हणून मोटार उरलेलं काम जास्त करंट ओढून करते. जास्त करंट म्हणजे केबलमध्ये आणखी व्होल्टेज पडणार, आणि वाइंडिंगमध्ये उष्णता वर्गानं वाढणार. शेतीपंपाच्या मोटारी ४१५ च्या १५ टक्के खाली, म्हणजे साधारण ३५० व्होल्टपर्यंत तग धरतील अशा बनवलेल्या असतात. डीपीवर ३८० मिळत असेल आणि केबलनं ३३ खाल्ले, तर मोटार रोजच त्या सीमेच्या खाली चालते आहे. अशा मोटारीला कितीही चांगलं वाइंडिंग भरा, ती टिकणार नाही.

कपॅसिटरबद्दल एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. स्टार्टरच्या पेटीत लावलेला कपॅसिटर डीपीकडच्या लाईनवरचा भार कमी करतो. स्टार्टरपासून मोटारीपर्यंतच्या केबलमधला करंट त्यानं कमी होत नाही. तो कमी व्हायला हवा असेल तर कपॅसिटर मोटारीच्या टोकाला लागतो. नदीकाठच्या मोनोब्लॉकला (मोटार आणि पंप एकत्र असलेल्या संचाला) ते जमतं, बोअरमधल्या मोटारीला जमत नाही.

जोड का बिघडतो

दोन तारा वरून कितीही घट्ट पिळलेल्या दिसल्या, तरी बारकाईनं बघितलं तर धातूचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि धातूला धातू मोजक्या ठिपक्यांवरच टेकतो. सगळा करंट त्या ठिपक्यांतून जातो. ठिपके कमी झाले की तेवढ्या जागेचा रोध वाढतो. घट्ट दाबलेल्या लगमध्ये (तारेच्या टोकावर दाबून बसवायची धातूची टोपी) असे ठिपके भरपूर असतात, हातानं पिळलेल्या जोडात थोडे.

ॲल्युमिनियमची गोष्ट आणखी अवघड आहे. सोललेल्या ॲल्युमिनियमवर हवा लागल्याबरोबर ऑक्साईडचा थर बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ असतो, पण करंट अडवतो. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. टर्मिनलच्या स्क्रूखाली दाबलेली तार मोटार चालू असताना फुगते, स्क्रू मात्र तेवढा लांबत नाही, म्हणून मऊ धातू चेपला जातो. मोटार बंद झाल्यावर तार आकसते आणि चेपलेल्या जागी फट राहते. रोज लाईट येते आणि जाते, तसं रोज हे घडतं. फटीत हवा जाते, ऑक्साईड वाढतो, रोध वाढतो, उष्णता वाढते, आणि मग तार आणखी फुगते. सुरुवातीला बरा असलेला जोड दोन-तीन महिन्यांत जळतो तो असा.

त्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट पिळलेले असतील आणि ओल असेल, तर ॲल्युमिनियम झिजत जातं. कृष्णाकाठच्या आपल्या बऱ्याच जमिनी क्षारपड आहेत. तिथली ओल साध्या पाण्यापेक्षा वीज जास्त वाहते, म्हणून बांधात पुरलेला असा जोड तिथं लवकर खलास होतो.

म्हणून ॲल्युमिनियमच वाईट, असं समजू नका. राज्यभर वीज वाहून नेणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांत सर्रास असते ती पोलादी गाभ्याभोवती गुंफलेली ॲल्युमिनियमचीच तार. त्याच आकाराच्या तांब्याच्या सुमारे ६१ टक्के वीज ॲल्युमिनियम वाहतं, पण वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली. सारख्याच रोधासाठी तार दीडपटीहून थोडी जाड घ्यावी लागते, तरी वजन निम्मंच भरतं. फरक इतकाच, की तिथले जोड दाबून, साफ करून, योग्य सांधे वापरून केलेले असतात.

औदुंबरच्या बाजूला एका शेतकऱ्याची साडेसातची मोटार सारखी जळत होती. स्टार्टरवर मोटार चालू असताना ३९० च्या वर व्होल्टेज मिळत होतं, म्हणून लाईनला दोष देता येत नव्हता. नदीकाठी मोटारीच्या पेटीत मोजलं तर ३५० च्या आसपास, आणि तिन्ही फेज वेगवेगळे. अर्धी केबल तांब्याची आणि अर्धी ॲल्युमिनियमची होती. पुरात वाहून गेलेला तुकडा बदलताना जे मिळालं ते जोडलेलं. मेन बंद करून बांध उकरला. जोडावरची टेप भाजून कडक झाली होती, बोटानं दाबली तर पापडीसारखी सुटली. आत ॲल्युमिनियमवर पांढरट करडी भुकटी होती. सात लडींपैकी तीन केव्हाच तुटलेल्या, एक हातात आल्यावर मोडली. तांब्याची बाजू काळी पडलेली. तो काळेपणा जोडापाशी थांबला नव्हता, रबराच्या आत वीतभर गेला होता. लडींच्या मधल्या बारीक फटींतून पाणी असंच आत चढत जातं. म्हणून पुरात बुडालेल्या केबलचं टोक नुसतं सोलून नवा जोड करू नका. तांबं लख्ख दिसेपर्यंत केबल मागं कापत जा.

चालू मोटारीवर तपासणी

स्टार्टरचं झाकण उघडून चालू लाईटवर मोजणं हे सराव असलेल्या माणसाचं काम आहे. सराव नसेल तर जवळच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि त्याच्याकडून खालचे आकडे लिहून घ्या. पायाखाली कोरडी फळी, पायात रबरी चप्पल, ओल्या हातानं काही नाही. मीटर ७५० व्होल्टच्या एसी रेंजवर ठेवूनच सुरुवात करायची. डीपीच्या आत आणि खांबावर आपण हात घालायचा नाही. तिथं दोष वाटला तर वायरमनलाच सांगायचं.

पहिल्यांदा स्टार्टरच्या आत येणाऱ्या टर्मिनलवर तिन्ही जोड्यांचं व्होल्टेज घ्या. तिन्हींची सरासरी काढा आणि सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा किती दूर आहे ते बघा. समजा ४००, ३९८ आणि ३७२ मिळाले. सरासरी ३९०, सगळ्यात लांबचा १८ नं कमी, म्हणजे साडेचार टक्क्यांहून जास्त फरक. ऐकायला हा आकडा छोटा वाटतो. पण मोटारीची तापण्याची वाढ या टक्केवारीच्या वर्गाच्या दुप्पट धरतात, म्हणजे इथं ती ४० टक्क्यांच्या वर जाते. फरक दोन टक्क्यांच्या वर असेल तर कारण शोधाच.

मग एक मोजणी अशी आहे जी फार कमी लोक करतात, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची तीच. एकाच फेजच्या दोन टोकांवर मीटर लावायचा. किटकॅट फ्यूजच्या वरच्या स्क्रूवर एक टोक, त्याच फ्यूजच्या खालच्या स्क्रूवर दुसरं. स्टार्टरच्या काँटॅक्टरवर (मोटार चालू-बंद करणारा भाग) आर फेज (तिन्ही फेजना आर, वाय, बी म्हणतात) आत येतो तिथं एक, आर बाहेर जातो तिथं दुसरं. मोटार चालू असताना इथं अर्ध्या व्होल्टच्या आतच आकडा हवा. टोकं घट्ट धरा आणि फेज चुकवू नका, कारण दुसऱ्या फेजला टोक लागलं तर तिथं पूर्ण ४०० व्होल्ट आहेत. आकडा छोटा आहे याची खात्री झाल्यावरच रेंज खाली आणा. दोन व्होल्ट दिसले तर १५ अँपिअरला त्या एका ठिकाणी ३० वॅट जळताहेत. काँटॅक्टवरचा मुलामा झिजलाय किंवा स्क्रू सैल आहे. तिन्ही फेजचे आकडे शेजारी शेजारी लिहिले की दोषी फेज आपोआप वेगळा दिसतो.

पुढचं मोजमाप मोटारीच्या टोकाला. काठावरच्या मोटारीच्या टर्मिनल पेटीत, मोटार चालू असताना. स्टार्टरवरचा आकडा वजा हा आकडा म्हणजे केबलनं आणि तिच्या जोडांनी खाल्लेलं व्होल्टेज. वरच्या हिशोबानं जेवढं पडायला हवं त्यापेक्षा ठळक जास्त पडत असेल, तर मध्ये कुठंतरी खराब जोड आहे.

सबमर्सिबलला टोकाशी जाता येत नाही. तिथं टाँग टेस्टरनं (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरनं) तिन्ही तारांचा करंट घ्या. एका फेजमध्ये फरक दिसला तर दोष लाईनकडचा की मोटारीकडचा, हे ठरवायची खात्रीची रीत आहे. मेन बंद करून मोटारीकडं जाणाऱ्या तिन्ही तारांना खुणा करा आणि तिन्ही एकाच वेळी एकेक घर पुढं सरकवा. आरवरची वायवर, वायवरची बीवर, बीवरची आरवर. तिन्ही सरकल्यामुळं मोटारीची दिशा बदलत नाही. पुन्हा चालू करून करंट घ्या. वेगळा करंट त्याच टर्मिनलवर राहिला, तर दोष स्टार्टरच्या किंवा डीपीच्या बाजूला. तो तारेबरोबर पुढं सरकला, तर दोष केबलमध्ये किंवा मोटारीत. एवढ्या एका तपासणीनं दुकानदार आणि वायरमन यांच्यातला वाद मिटतो.

मीटर नसेल तरी एक गोष्ट करता येते. मोटार तासभर चालवा, मेन बंद करा, लाईट गेल्याची टेस्टरनं खात्री करा आणि मग स्क्रू, फ्यूज, जोड हातानं चाचपा. केबलपेक्षा जोड गरम लागला, तर तो जोड खराब आहे.

दुरुस्ती

पिळून टेप मारलेला जोड काढून टाका. केबलच्या आकाराचा सांधा किंवा लग घ्या आणि दाबायच्या हत्यारानं दाबून बसवा. पक्कडीनं चेपलेला लग चालत नाही. सोलताना ब्लेडनं लड तुटू देऊ नका. सातातल्या दोन लडी तुटल्या तर तिथली केबल तेवढीच बारीक झाली. ॲल्युमिनियम असेल तर जोडाची पेस्ट लावून त्या पेस्टच्या खालीच ब्रशनं घासा, म्हणजे घासलेल्या जागी हवा लागून पुन्हा थर बसत नाही. तांबं आणि ॲल्युमिनियम जोडावंच लागलं तर दोन धातूंचा तयार सांधा मिळतो, तोच वापरा. किंमत थोडी जास्त पडते, पण एका वाइंडिंगच्या खर्चापुढं ती काहीच नाही.

पाण्यात जाणाऱ्या केबलचे तिन्ही जोड एका रेषेत न करता पुढं-मागं करा. प्रत्येकावर आधी ताणून चिकटणारी रबरी टेप, मग साधी टेप, शक्य तर वरून आकसणारी नळी.

फ्यूजमध्ये केबलची लड घालू नका. जाड तारेनं फ्यूज उडायचा थांबतो आणि मोटार उडते. ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप होतो म्हणून त्याची चकती पुढं सरकवणं हे मला सगळ्यात जास्त खटकतं. रिले ट्रिप होतोय म्हणजे करंट खरोखर जास्त आहे आणि तो तुम्हाला वेळेवर सांगतोय. नावपट्टीवरच्या अँपिअरलाच तो लावलेला असू द्या. एक फेज गेल्यावर मोटार बंद करणारं सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर नसेल तर बसवून घ्या. ज्यांच्या मोटारीत दोन गट जळालेले सापडले, त्यांच्यासाठी हे केबलइतकंच महत्त्वाचं.

दुरुस्तीनंतर मोटार अर्धा तास चालवून स्टार्टरवरचं व्होल्टेज, मोटारीवरचं व्होल्टेज आणि तिन्ही करंट हे आकडे तारखेसह स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. एखाद्या फेजचा आकडा सरकायला लागला असेल, तर मोटार जळायच्या आधीच तो जोड सापडेल.

आणि पुढच्या पावसाळ्यात मोटार काढताना केबल कोयत्यानं तोडू नका. काठावर पुराच्या रेषेच्या वर एक बंद पेटी बसवून केबल तिथपर्यंत अखंड आणा आणि टोकांना लग लावून बोल्टवर जोडा. मोटारीकडचा तुकडा बोल्ट सोडून काढायचा, टोकं रबरी टेपनं बंद करायची आणि कोरड्या जागी टांगून ठेवायची. दिवाळीनंतर तेच लग साफ करून पुन्हा त्याच बोल्टवर आवळले, की नवा जोड करायची वेळच येत नाही.